टोक टेकलं तिथे

अण्णांनी बांधकाम खात्यात एकतीस वर्षं नकाशे काढले.
पाण्याच्या टाक्या, बहुतेक.
टाकी वरून पाहिली तर गोल,
समोरून पाहिली तर आयत,
आणि बिलात पाहिली तर, अण्णा म्हणायचे, नेहमी थोडी मोठी.

मी फोटो काढते. या वर्षी गोल.
मंडईचा मनोरा अष्टकोनी निघाला, सोडून दिला.
सकाळी सातला पाताळेश्वरात
नंदीच्या मंडपाखाली पाठ टेकून आडवी
(रखवालदार म्हणतो, बाई, इथे झोपायचं नाही).
वर ते छत,
दगडातून दगड वजा करत करत कुणी शिल्लक ठेवलेलं.
कागद नव्हता त्याच्याकडे.
खुंटी असणार, दोरी असणार,
दोरीचं दुसरं टोक धरून फिरणारा एक जण असणार
ज्याला तो दिवसभर ओरडला असेल:
ताण. ढिली सोडू नकोस.

दुपारी तांबट आळी.
हिरामणकाका मांडीवर घंगाळ फिरवतात.
हातोडी एकाच जागी पडते, फिरतं ते भांडं.
ठोक्याला चिकटून ठोका,
बुडापासून काठापर्यंत माशाच्या खवल्यांसारखी वळं.
मोजता कसं, विचारलं.
"मोजतंय कोण? ऐकतो.
बद्द वाजलं की तिथे गोल चुकला."
पन्नास फोटो काढले.
एकातही आवाज आला नाही.

रात्री प्रिंट अण्णांपुढे ठेवल्या.
कागद नाकाशी नेला, लांब धरला, ट्यूबलाइटखाली तिरपा केला.
"हे वर्तुळ नाही."
मग?
"लंबवर्तुळ. तू तिरकी उभी होतीस."
आमच्याकडे कौतुक साधारण याच भाषेत होतं.

त्यानंतर मार्चात, टिळक रोडच्या दवाखान्यात,
त्यांची हनुवटी एका पांढऱ्या अर्धगोलापुढे टेकवली.
हातात बटण. ठिपका दिसला की दाबायचं.
मी मागे स्टुलावर.
बाजूच्या पडद्यावर मला ठिपके दिसत होते,
डावीकडे, वर, पार कडेला,
आणि बटण वाजत नव्हतं.
मधेच एक टिक्.
मग इतका वेळ काही नाही
की मला वाटलं, झोप लागली असेल.
लागली असावी, असंही वाटलं.

मशीनमधून निघालेल्या कागदावर सगळीकडे काळं
आणि मधोमध कडा कुरतडलेला
चार आण्याएवढा पांढरा गोल.
काचबिंदू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
गेलं ते गेलं. उरलंय ते राखू.
अण्णांनी कागद मागून घेतला. बराच वेळ पाहिला.
"फ्रीहँड काढलाय कुणीतरी."

आता ते चौकटीला खांदा घासून खोलीत येतात.
चहाच्या कपाचा काठ आधी बोटाने फिरून घेतात, मग उचलतात.
मी फोटो दाखवत नाही. तेही विचारत नाहीत.

रविवारी माळा आवरताना एक टाकी सापडली,
जाड कार्ट्रिज कागदावर.
शाई उडालेली, सही उडालेली,
परीघ असून नसल्यासारखा.
फक्त मधलं भोक शाबूत,
कंपासाचं टोक टेकलं होतं तिथलं.
अण्णांचा अंगठा कागदावर चालत गेला
आणि न चुकता तिथे थांबला.
"खिडकीत धर."

धरला. अकराचं ऊन त्या भोकातून आलं
आणि त्यांच्या सदऱ्यावर पडलं, मसुराच्या दाण्याएवढं.
त्यांनी तळहात पुढे केला.
दाणा तळहातावर आला, लांबट.
हात थोडा कलता केला, अजून थोडा, जरासा मागे,
मान वाकवून, श्वास रोखून,
उरलेल्या चार आण्यांत तो पुरता मावेपर्यंत.
"आता गोल आहे. काढ."

कॅमेरा आतल्या खोलीत होता.
माझे दोन्ही हात कागदाला.

काढला, म्हटलं.